शाडूची मूर्ती घेताय? आधी बोट ओलं करा

उज्जैनमध्ये शिंद्यांच्या काळापासून मराठी घरं आहेत. यंदा तुमच्याही घरी गणपती बसेल. मूर्ती शाडूचीच हवी, असं तुम्ही ठरवलं असेल तर फारच छान. फक्त दुकानदार ‘शाडू’ म्हणाला म्हणून लगेच पैसे काढू नका.

शाडू माती आपल्या माळव्यात होत नाही. ती मुख्यतः गुजरातेतून येते, भावनगरच्या बाजूने. मूर्तींसाठी नावाजलेल्या पेणलाही ती तिथूनच आणावी लागते. माती जड, वाट लांबची, त्यामुळे भाडं चढतं. मागणी वाढली की माल अपुरा पडतो, आणि मग पीओपीची, म्हणजे प्लास्टर ऑफ पॅरिसची, मूर्तीही शाडूच्या नावाने खपवली जाते.

हे आपल्याकडेच होतं असं नाही. चीनमध्ये यीशिंग शहरातल्या जांभळ्या मातीच्या चहादाण्या प्रसिद्ध आहेत. तिथल्या डोंगरातलं खाणकाम सरकारने बंद केलं, भाव चढले आणि नकली चहादाण्यांचं पीक आलं. गिऱ्हाईक तळाचा शिक्का बघतं. पण शिक्का काय, कोणीही मारतो!

म्हणून शिक्का, चिठ्ठी, गोड बोलणं सगळं बाजूला ठेवा. मूर्ती उचलून बघा. शाडूची मूर्ती जड लागते. तेवढीच पीओपीची हलकी असते, आतून पोकळ. आत काथ्याचे धागे दिसले तर ती बहुधा पीओपीची समजा.

मग रंग न लागलेली तळाची जागा शोधा. बोट ओलं करून तिथे चोळा. शाडू असेल तर चिकट होते, बोटाला राखाडी माती लागते. पीओपी तशीच राहते. काही जण तळाला वरवर माती फासतात, तेव्हा नखाने जरा खोल खरवडा. खाली पांढरी, खडूसारखी भुकटी निघाली तर नमस्कार करा आणि पुढच्या दुकानात जा. खरवडायला मनाई करणाऱ्याकडून मूर्ती न घेतलेलीच बरी.

पावती मागा. तिच्यावर ‘शाडू माती’ असं लिहून घ्या. खोटं विकणारा लिहून द्यायला कचरतो.

फसलात तर काय होतं, ते विसर्जनाला कळतं. पीओपी म्हणजे भाजलेलं जिप्सम. पाणी लागलं की ते घट्ट होतं, विरघळत नाही. मग पूजलेल्या गणपतीचे तुटके हात क्षिप्रेच्या काठावर पडलेले बघावे लागतात. त्या नदीची अवस्था तुम्ही जाणताच. 2014 पासून तिच्यात नर्मदेचं पाणी आणून सोडावं लागतं. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या 2020 च्या सूचनांतही पीओपीच्या मूर्ती नकोत असंच सांगितलं आहे.

खरी शाडू मिळाली नाही, तर हट्ट धरू नका. पूजेला पार्थिव मूर्ती लागते, म्हणजे मातीची. ती भावनगरचीच हवी असं कुठे आहे? इथली काळी माती एकटी वापरली तर वाळताना तडकते. तिच्यात पिवळी माती आणि कागदाचा थोडा लगदा मळा. वीतभर मूर्ती घरीच होते. नाक जरा वाकडं आलं तरी चालेल. मुलांना तोच गणपती जास्त आवडतो, हे माझं मत.

आणि शाडू मिळाली असेल, तर ती नदीत घालवू नका. घरीच बादलीत विसर्जन करा. रंगाचे पापुद्रे तरंगले तर काढून टाका. माती तळाला बसू द्या, वरचं पाणी ओतून द्या, गाळ जुन्या धोतरावर पसरून वाळवा. पुण्यात ‘पुनरावर्तन’ नावाच्या मोहिमेत अशी माती गोळा करून मूर्तिकारांना परत देतात. आपल्याकडे गल्लीतल्या चार घरांनी मिळून एका पोत्यात ती जमवावी आणि तुमच्या मूर्तीवाल्याला नेऊन द्यावी. त्याला नको असेल तर पुढच्या भाद्रपदापर्यंत कोरड्या जागी ठेवा.

मूर्ती मात्र आषाढातच सांगून ठेवा. चतुर्थीच्या आदल्या संध्याकाळी गेलात, तर उरलेलंच पदरात पडेल.