तारामतीचा आवाज

चित्रीकरणातील अडचणी म्हटले की ऊन, गर्दी आणि पैसा यांचीच चर्चा होते. नटापुढची खरी अडचण मात्र काळागणिक बदलत गेली आहे. १९१३ सालच्या 'राजा हरिश्चंद्र'साठी दादासाहेब फाळक्यांना तारामती मिळेना. स्त्रिया कॅमेऱ्यापुढे यायला तयार नव्हत्या. अखेर उपाहारगृहात काम करणारे अण्णा साळुंके तारामती झाले. हे निभावले, कारण चित्रपट मूक होता. १९३२ साली प्रभातच्या 'अयोध्येचा राजा'मध्ये तीच तारामती बोलू लागली आणि तेथे दुर्गा खोटे आल्या. पार्श्वगायन नसल्याने नटाला चित्रीकरणातच गावेही लागे. प्रश्न आता आवाजाचा होता.

आज तो बोलीचा आहे. आमच्या धाराशिवच्या वर्गात ग्रामीण चित्रपटाचा विषय निघाला की विद्यार्थी आधी संवादांवर बोट ठेवतात : ही भाषा कोणत्याच गावची नाही. घोकून आणलेला हेल आणि जगण्यातून आलेला हेल यांतले अंतर त्यांना एका वाक्यात कळते. 'सैराट'ने (२०१६) मात्र वेगळा अनुभव दिला. जेऊरचे नागराज मंजुळे आणि अकलूजची रिंकू राजगुरू ही शेजारच्या सोलापूर जिल्ह्यातली माणसे. परंड्याहून करमाळा लांब नाही.

नवख्यांकडून काम करून घेणे दिग्दर्शकाला सोपे नसते, हे मान्य. तरीही ही जोखीम पत्करावी, असे मला वाटते. आपली बोली पडद्यावर केवळ हशा पिकवायला येते, असा समज घेऊन वाढलेला मुलगा मराठीच्या वर्गातही तोंड उघडत नाही.