तळे उपसा, पण दगड जपा

मे महिना आला की आमच्या पेण तालुक्यात तळ्यांचा गाळ काढायची कामे निघतात. त्याला माझा पूर्ण पाठिंबा आहे. आमच्या कासू गावाच्या एका अंगाला डोंगर आणि दुसऱ्या अंगाला खारेपाट, त्यामुळे गोड्या पाण्याच्या तळ्याची किंमत इथे कुणाला समजावून सांगावी लागत नाही. माझी तक्रार आहे ती गाळाबरोबर काठचे दगडही खरवडून नेण्याबद्दल आणि मग सुशोभीकरणाच्या नावाखाली चहूबाजूंनी सिमेंटची भिंत बांधण्याबद्दल.

शाळेत विज्ञान शिकवायचो तेव्हा मुलांना मी हेच दगड दाखवायचो. पाणी उतरू लागले की त्यांच्या बगलेला हिरवा थर दिसतो. सगळे त्याला शेवाळच म्हणतात. पण शेवाळ हाताला बुळबुळीत लागते. हा थर खरखरतो, आणि कुस्करला की उग्र वास येतो. चिमूटभर सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला की काचेसारख्या बारीक सुया दिसतात. हा गोड्या पाण्यातला स्पंज, म्हणजे चक्क प्राणी!

त्याचा हिरवेपणा उसना आहे. त्याच्या पेशींच्या आत एकपेशी हिरवी शैवाले राहतात. ऊन मिळाले की ती साखर तयार करतात आणि तिच्यातला वाटा स्पंजाला देतात. स्पंजाच्या शरीरातून निघणारा कार्बन डायऑक्साइड आणि नत्रयुक्त मळ शैवालांच्या कामी येतो. दगड उलटून पाहा, सावलीतला तोच स्पंज राखाडी, पांढरट निघेल. शिवाय पोटासाठी तो सारखे पाणी गाळत असतो आणि त्यातले जिवाणू खातो.

हे ज्ञान परदेशी तळ्यांतूनच आले असे कुणी समजू नये. ईस्ट इंडिया कंपनीचे डॉक्टर हेन्री जॉन कार्टर यांनी 1840 च्या दशकात मुंबईच्या तलावांतल्या स्पंजांचा अभ्यास केला. स्पंज वनस्पती की प्राणी, हा वाद तेव्हा मिटलेला नव्हता. कार्टर यांनी त्याच्या प्राणीपणावर लिहिले. आपल्याकडे आढळणाऱ्या एका स्पंजाला पुढे त्यांचेच नाव मिळाले. मुंबईतले जुने तलाव मात्र एकामागून एक बुजले. धोबीतलाव, गोवालिया टँक ही नुसती नावे राहिली. आमच्याकडची तळी अजून पाण्याने भरतात, म्हणून एवढे कळकळीने लिहितो आहे.

आणि मे महिन्याचे म्हणाल तर नेमकी अडचण तिथेच आहे. पाणी आटले की स्पंज मरतो, पण दगडावर खसखशीएवढे टणक गोळे ठेवून जातो. त्यांच्या जाड कवचात जिवंत पेशी असतात. त्या कोरड सोसतात आणि पाणी आले की त्यातून नवा स्पंज फुटतो. आपण जेसीबी लावतो तो नेमका याच दिवसांत. दगड डंपरमध्ये गेला की त्या तळ्याचे पुढच्या वर्षीचे बीजही गेले. वर गुळगुळीत भिंतीमुळे कपारी जातात, त्यात राहणारे बाकीचे जीवही जातात.

जैवविविधता कायदा 2002 चा आहे. त्याप्रमाणे गावोगाव समित्या आणि लोकजैवविविधता नोंदवह्या झाल्या. मी चाळलेल्या एका नोंदवहीत झाडे आहेत, पक्षी आहेत, मासे आहेत. तळ्यातल्या दगडावरचा एकही जीव नाही. शाळेतला एक सूक्ष्मदर्शक आणि एक उत्साही वर्ग एवढ्यावर ही उणीव भरून निघेल. ती भरावी, ही माझी पहिली मागणी.

दुसरी मागणी कामाच्या अंदाजपत्रकापुरती आहे. गाळ काढण्यापूर्वी थर असलेले दगड हाताने उचलून बाजूला ठेवावेत, काम झाले की परत काठावर लावावेत, आणि चारातला एक काठ, ऊन येणारा, मातीदगडाचाच राखावा. दोन मजुरांचे फार तर एका दिवसाचे काम आहे हे. ग्रामसभेत मी ते लेखी मांडणार आहे. पेण आणि रोहा तालुक्यांतल्या इतर गावांनीही मांडावे.