सात महिन्यांची नोकरी, सात वर्षांची नोंद

दिल्ली-जयपूर महामार्गाने गुरुग्राम ओलांडले की मानेसरची औद्योगिक वसाहत लागते. मोटारी, दुचाक्या आणि त्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यांची ही नगरी. कारखान्यांच्या कुंपणापलीकडे कासन, अलियर, ढाणा, नाहरपूर ही जुनी गावे आहेत. तेथील जमीनमालकांनी बांधलेल्या ओळीच्या खोल्यांत बिहार, उत्तर प्रदेश, राजस्थान येथून आलेला कामगार राहतो. भाडे महिन्याचे, करार तोंडी, बिछाना पाळीगणिक वाटून घेतलेला. कंत्राट संपले किंवा मालकाने भाडे वाढवले की गाठोडे उचलायचे आणि शेजारचे गाव गाठायचे. अशा वस्तीत एक समज घट्ट रुजलेला असतो. मोबाइलचा किंवा मोटारसायकलचा हप्ता थकला तर खोली बदलावी, सिमकार्ड बदलावे. वसुलीवाला कुलूप पाहून परत जाईल आणि कालांतराने प्रकरण मिटेल.

प्रकरण मिटत नाही. काही वर्षांनी हाच कामगार घरासाठी, मुलीच्या शिक्षणासाठी किंवा गावाकडे म्हैस घेण्यासाठी बँकेत अर्ज करतो, तेव्हा खिडकीपलीकडचा माणूस संगणकाकडे पाहून सांगतो, 'तुमचे सिबिल खराब आहे.' एका कंपनीचे नाव आता सामान्यनाम होऊन बसले आहे. पूर्वी माणसाची पत जात असे, आता त्याचे सिबिल जाते.

ही यंत्रणा कशी चालते हे श्रमजीवी जनतेने नीट समजून घेतले पाहिजे. पतमाहिती कंपन्यांविषयीचा कायदा २००५ साली झाला आणि डिसेंबर २००६ मध्ये अमलात आला. त्याखाली आज चार कंपन्या काम करतात : ट्रान्सयुनियन सिबिल, एक्स्पिरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क. बँका, बिगरबँक वित्तसंस्था आणि सूक्ष्म कर्ज देणाऱ्या संस्था आपल्या प्रत्येक कर्जदाराची माहिती या कंपन्यांना पुरवतात. नाव, जन्मतारीख, पॅन, मतदार ओळखपत्र, दूरध्वनी अशा खुणा जुळवून एका माणसाची सारी कर्जे एका नोंदीत गोळा केली जातात. कोणता हप्ता किती दिवस उशिरा आला याचा मागील ३६ महिन्यांचा तक्ता त्यात असतो आणि त्यावरून ३०० ते ९०० यांच्या दरम्यान एक गुणांक काढला जातो. पत्ता ही या खुणांपैकी केवळ एक. खोली बदलली तर जुना पत्ता पुसला जात नाही. त्याखाली नव्या पत्त्याची ओळ वाढते इतकेच. पत्ता बदलल्याने गुणांक सुधारत नाही, तसा तो बिघडतही नाही. नोंद घराला नव्हे, माणसाला बांधलेली आहे.

ब्रिटनमध्ये एके काळी याच्या उलट अनर्थ होता. तेथे १९९० च्या दशकाच्या आरंभापर्यंत पत्त्यावरून नोंदी शोधल्या जात, आणि त्याच घरात आधी राहून गेलेल्या परक्या माणसाची थकबाकी नव्या रहिवाशाच्या आड येत असे. आपल्याकडे खोलीचा दोष भाडेकरूला लागत नाही, हे खरे. पण म्हणून स्थलांतरित कामगाराला न्याय मिळतो असे मानण्याचे कारण नाही. त्याच्यावरील अन्याय अधिक सूक्ष्म आहे. कर्ज त्याच्या मागोमाग नव्या खोलीत येते, आणि त्या कर्जाची नोटीस मात्र जुन्याच खोलीच्या दाराशी पडून राहते. नोंदलेल्या पत्त्यावर नोटीस पाठवली की ती पोहोचली असे समजावे, अशी अट कर्जाच्या कागदात सहसा बारीक अक्षरांत असते. कामगार कोठे गेला हे शोधण्याची तसदी वसुलीच्या वेळी घेतली जाते. त्याच्या नावापुढे डाग लावताना त्याची गरज कोणास वाटत नाही. एखाद्या गाववाल्याच्या कर्जाला जामीन राहिलेल्या माणसाची गत याहून वाईट. त्याने पैसा घेतलेला नसतो, हप्ता थकल्याचे त्याला ठाऊकही नसते, आणि ती थकबाकी त्याच्याही अहवालात उमटू शकते.

हप्ता थकतो का? येथे प्रश्नाचे मूळ आहे. मारुती सुझुकीच्या मानेसर कारखान्यात तात्पुरता कामगार सात महिन्यांच्या बोलीवर घेण्याची पद्धत सर्वज्ञात आहे. सात महिने भरले की त्याने बाहेर पडायचे. पुन्हा बोलावणे आले तर नशीब. परंतु बाजारात मोबाइल बारा हप्त्यांवर मिळतो आणि मोटारसायकल चोवीस किंवा छत्तीस हप्त्यांवर. सात महिन्यांच्या मजुरीवर छत्तीस महिन्यांचे कर्ज कसे फिटणार, हा हिशेब तिसरीतल्या मुलालाही समजेल. कर्ज देणाऱ्या संस्थेला तो समजत नाही असे कोण म्हणेल? तिला तो पुरता समजतो. म्हणूनच व्याज चढे असते. नोकरी किती दिवसांची असावी हे मालक ठरवतो, हप्ते किती असावेत हे सावकार ठरवतो, आणि या दोहोंचा मेळ बसला नाही की बेजबाबदार ठरतो तो कामगार!

मानेसरचा अलीकडचा इतिहास याची साक्ष देतो. १८ जुलै २०१२ रोजी मारुतीच्या कारखान्यातील हिंसाचारात एका व्यवस्थापकाचा मृत्यू झाला. त्यानंतर कंपनीने ५४६ कायम कामगारांना कामावरून काढले आणि कामगार मोठ्या संख्येने तुरुंगात गेले. मार्च २०१७ मध्ये गुरुग्रामच्या सत्र न्यायालयाने ३१ जणांना दोषी धरले, त्यांपैकी १३ जणांना जन्मठेप दिली, आणि ११७ जणांना निर्दोष सोडले. निर्दोष सुटलेल्यांची गेलेली वर्षे कोणी परत केली नाहीत. त्या वर्षांत ज्याच्या नावावर घराचे किंवा वाहनाचे हप्ते चालू असतील, त्याच्या तक्त्यात एकेका महिन्यापुढे थकलेल्या दिवसांचा आकडा पडत गेला असणार. माणूस आळशी होता, आजारी होता की न केलेल्या गुन्ह्यासाठी कोठडीत होता, हे तो आकडा सांगत नाही. काढून टाकलेले कामगार २०२४ च्या सप्टेंबरात मानेसरमध्ये पुन्हा धरण्यावर बसले, म्हणजे बारा वर्षांनंतरही त्यांचे प्रकरण संपलेले नव्हते.

टाळेबंदीत तेच मोठ्या प्रमाणावर घडले. मार्च २०२० मध्ये कारखाने बंद झाले, खोल्या रिकाम्या झाल्या, आणि माणसे महामार्गाने पायी निघाली. रिझर्व्ह बँकेने २७ मार्चला तीन महिन्यांची हप्तेस्थगिती जाहीर केली, पुढे ती ३१ ऑगस्टपर्यंत वाढवली, आणि या काळातील स्थगित हप्ता थकबाकी म्हणून नोंदवू नये असे सांगितले. ही सवलत स्वागतार्ह होती. पण ती देणे कर्जसंस्थेच्या मर्जीवर होते, आणि व्याज थांबले नव्हते. स्थगितीच्या काळातील व्याजावरचे व्याज कोणाकडूनही घेऊ नये, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२१ मध्ये दिला. व्याज पूर्ण माफ करण्यास मात्र नकार दिला. ज्याला सवलत मागावी लागते हेच कळले नाही, किंवा जो ऑगस्टनंतरही कामावर परतू शकला नाही, त्याचे काय झाले? पतमाहिती किमान सात वर्षे जतन करावी असा नियम आहे. २०२० साली पडलेला डाग २०२७ पर्यंत तरी त्याच्या दप्तरात राहणार, खोल्या त्याने कितीही बदलल्या असोत.

आणि डाग आता कर्जापुरता राहिलेला नाही. भरतीच्या वेळीही तो तपासला जाऊ लागला आहे. स्टेट बँकेने एका उमेदवाराची नेमणूक खराब पतनोंदीमुळे रद्द केली, ती कृती मद्रास उच्च न्यायालयाने जून २०२५ मध्ये उचलून धरली. नोकरी नाही म्हणून कर्ज थकले, आणि कर्ज थकले म्हणून नोकरी नाही! केरळ उच्च न्यायालयाने मे २०२३ मध्ये एका विद्यार्थ्याच्या बाबतीत वेगळी भूमिका घेतली. गुणांक कमी आहे एवढ्यावरून शैक्षणिक कर्ज नाकारता येणार नाही, असे त्या न्यायालयाने म्हटले. दोन निकालांतील अंतर वकिलांनी मोजावे. कामगाराच्या घरात मात्र बाप आणि मुलगा एकाच चुलीवर जेवतात.

बँकांतील पैसा ठेवीदारांचा आहे, त्यांत लाखो कामगार-कर्मचारी आहेत, तेव्हा कोणी किती देणे लागतो याची नोंद ठेवणेच गैर आहे असे आम्ही म्हणत नाही. ती सर्वांसाठी सारखी बोचते का, एवढेच विचारतो. २०१४-१५ पासूनच्या नऊ आर्थिक वर्षांत बँकांनी १४.५६ लाख कोटी रुपयांची कर्जे निर्लेखित केली, आणि त्यांतील ७.४० लाख कोटींहून अधिक रक्कम मोठे उद्योग व सेवाक्षेत्र यांची होती, ही माहिती सरकारनेच २०२३ साली संसदेत दिली. निर्लेखन म्हणजे माफी नव्हे, वसुली चालूच राहते, हे सरकारचे उत्तर आम्हांस ठाऊक आहे; याच काळात निर्लेखित कर्जांतून सुमारे २.०४ लाख कोटी वसूल झाले, हेही सरकारनेच सांगितले. उरलेल्या रकमेचा हिशेब वाचकांनी करावा. जून २०२३ मध्ये तर रिझर्व्ह बँकेने हेतुपुरस्सर कर्ज बुडवणाऱ्यांशीही तडजोड करण्याची मुभा बँकांना दिली, आणि तडजोड केलेल्या कर्जदाराला नवे कर्ज देण्याआधी किमान बारा महिने थांबावे असे ठरवले. बँक कर्मचारी संघटनांनी विरोध केल्यावर, बुडव्यांवरील दंडात्मक तरतुदी कायम आहेत असा खुलासा झाला. तथापि तडजोडीचे दार उघडे राहिलेच. मोबाइलच्या हप्त्यावर तडजोड करणाऱ्या कामगाराच्या नावापुढे मात्र 'सेटल्ड' हा शिक्का बसतो, आणि पुढचा प्रत्येक सावकार तो वाचून मान हलवतो.

मराठी वाचकाला ही कथा परकी वाटू नये. पीककर्जासाठी सिबिलची सक्ती करू नका, असे महाराष्ट्राच्या मुख्यमंत्र्यांना मे २०२५ मध्ये बँकांना बजावावे लागले. बजावावे लागले याचा अर्थ सक्ती चालू होती. त्याहून जुनी आठवण १२ मे १८७५ ची. पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांची घरे-दुकाने गाठली आणि कर्जरोखे जाळले. त्या उठावाचा परिणाम म्हणून १८७९ साली जो दख्खनचा कायदा झाला, त्याने न्यायाधीशावर एक कर्तव्य घातले : रोख्यावरील आकडा जसाच्या तसा धरू नये, त्यामागील कर्जाचा इतिहास तपासावा. परकीय सरकारला एवढे तरी कबूल करावे लागले. आजचा तीन अंकी गुणांक कोणताही इतिहास तपासत नाही, आणि तो जाळताही येत नाही. योगायोग असा की सिबिलचे कार्यालय मुंबईत सेनापती बापट मार्गावर, पूर्वीच्या ज्युपिटर मिलच्या जागी उभ्या राहिलेल्या मनोऱ्यांत आहे. १९८२ च्या संपानंतर गिरणगावातून किती बिऱ्हाडे हलली, याची मात्र तेथे नोंद नसावी.

कायद्यात जे हक्क आहेत ते कामगारांनी वापरलेच पाहिजेत. चारही कंपन्यांकडून वर्षातून एकदा संपूर्ण अहवाल फुकट मिळतो. चूक आढळली तर तक्रार करावी. ती ३० दिवसांत सुटली नाही तर पुढील प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाईचा नियम एप्रिल २०२४ पासून लागू झाला. सप्टेंबर २०२२ पासून या कंपन्यांविरुद्ध रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडेही दाद मागता येते. खोली बदलली की कर्जसंस्थेला नवा पत्ता व नवा क्रमांक लेखी कळवावा आणि पोच घ्यावी. थकबाकी कळवताना कर्जदाराला संदेश पाठवण्याचे बंधन संस्थांवर आहे, पण सिम फेकून दिलेल्या माणसाला तो मिळणार कसा? २०२५ च्या जानेवारीपासून माहिती महिन्याऐवजी पंधरवड्याला पाठवण्याचा नियम आला, म्हणजे डाग लवकर पडणार. फेडलेले कर्जही तितक्याच लवकर फेडलेले दिसले पाहिजे, हा आग्रह आपण धरायचा आहे. पैसे पूर्ण भरले तर 'काही देणे नाही' असा दाखला घेतल्यावाचून उठू नये.

एवढ्याने भागणार नाही. नोकरी मालकाने संपवली, कारखाना बंद पडला किंवा सरकारने टाळेबंदी केली म्हणून थकलेला हप्ता वेगळा नोंदवला जावा आणि कर्ज फिटताच तो डाग पुसला जावा. नोटीस प्रत्यक्ष माणसाच्या हाती पडल्याचा पुरावा असल्याखेरीज डाग लावू नये, आणि नोकरभरतीतून पतनोंद हद्दपार व्हावी. या मागण्या कामगार संघटनांनी वेतनाच्या मागण्यांइतक्याच गांभीर्याने हाती घेतल्या पाहिजेत. तोपर्यंत मानेसरच्या, आणि तसे पाहिले तर चाकण-वाळूजच्याही, गेटसभांत वेतनचिठ्ठीबरोबर हा अहवालही उघडून वाचला जावा. कासन किंवा अलियरच्या जुन्या खोलीत मागे राहिलेली नोटीस ज्याने कधी पाहिलीच नाही, त्याला निदान तिच्यात काय लिहिले होते ते तेथे कळेल.