हक्क आपला, हप्ता कुणाचा?



लायसन मिळालं. आरटीओच्या पटांगणात आठाचा आकडा काढलास, पाय टेकला नाहीस, साहेबाने मान हलवली. पास! संपली परीक्षा. तीही ट्रेनिंग स्कूलच्या खिळखिळ्या शंभर सीसीवर दिलेली. आता त्याच कागदावर तू शंभर सीसी चालवू शकतोस आणि हजार सीसीसुद्धा. युरोपात नव्या पोराला पायऱ्या चढाव्या लागतात. आधी १२५ सीसी, मग ३५ किलोवॅटपर्यंतची मधली गाडी, मग मोठी. इथे सरकार एकच कागद हातात ठेवतं आणि म्हणतं, जा बाबा, तुझं तू बघ.

आणि तू निघालास. सरळ शोरूमच्या काचेपुढे. आत ३५० सीसीची बुलेट उभी. तिच्यावर लाइट सोडलेले. टाय लावलेला सेल्समन तुला ‘सर’ म्हणतो. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी सर म्हटलं. इथेच तू अर्धा विकला गेलास.

आधी एक साफ करून टाकू. मी बुलेटच्या विरोधात नाही. २०१८ साली गुजरातेत भावनगर जिल्ह्यात आपला एक पोरगा घोड्यावर बसतो म्हणून मारला गेला. २०२५ च्या फेब्रुवारीत तामिळनाडूत, शिवगंगा जिल्ह्यात, कॉलेजात शिकणाऱ्या दलित पोराच्या हातांवर कोयते चालले. गुन्हा काय, तर बुलेट चालवतो. तेव्हा कुणी मला सांगू नये की गाडी ही फक्त गाडी असते. या देशात कुणी कशावर बसायचं हेही जात ठरवते. ज्याला बुलेट न्यायची त्याने ती गावाच्या मधोमध न्यावी, पाटलाच्या वाड्यापुढे हॉर्न वाजवून न्यावी. त्याच्यामागे आपण सगळे उभे राहू. यात तडजोड नाही.

पण हक्क वेगळा आणि हप्ता वेगळा. १९२७ साली महाडला चवदार तळ्याचं पाणी आपली माणसं प्यायली, ती काय पाणी गोड होतं म्हणून? हक्क म्हणून प्यायली. आणि ओंजळभर पाण्यासाठी कुणी सावकाराकडे घर गहाण टाकलं नव्हतं. तू काय करतोयस? वेशीवरचा पाटील नको म्हणतोस आणि फायनान्स कंपनीचा पाटील स्वतःच्या अंगठ्याने घरात घेतोस.

हिशेब कर. बाबासाहेबांच्या पोराने हिशेबाला घाबरू नये. सेल्समन सांगतो, बारा टक्के फ्लॅट. लाखाचं कर्ज, तीन वर्षं. व्याज छत्तीस हजार, महिना ३७७८ रुपये. ऐकायला बरं वाटतं. पण दर महिन्याला तू मुद्दल फेडतोयस, तरी व्याज मात्र पहिल्या दिवसाच्या पूर्ण लाखावरच लागतंय. घटत्या बाकीवर मोजलं तर हा दर एकवीस टक्क्यांच्या वर जातो. बारा सांगायचे, एकवीस काढायचे. आज्याला सावकाराने कोऱ्या कागदावर अंगठा घ्यायला लावला. तुला छापील कागदावर सही घ्यायला लावतात. तू इंग्रजीत सही करतोस, एवढाच काय तो फरक. म्हणून टक्का विचारू नकोस. ‘एकूण किती भरायचे’ हा एकच आकडा माग, आणि तो लिहून माग.

आमच्या गल्लीतला एक पोरगा. नाव सांगत नाही, त्याला लाज वाटेल, आणि लाज वाटावी असं त्याने काहीच केलेलं नाही. खाण्याच्या डब्यांची डिलिव्हरी करायचा, भाड्याच्या स्कूटरवर. टेस्ट पास झाला आणि आठवड्यात ३५० सीसी दारात. डाउन पेमेंटला आईची कर्णफुलं मोडली. आई टॉवरात चार घरची भांडी घासते. पोराने गाडीला निळा झेंडा लावला, गल्लीने फटाके लावले. मीही लावले, खोटं कशाला बोलू. दहाव्या दिवशी नाक्यावर उतारावर यू-टर्न घेताना वेग जवळजवळ शून्य, गाडी कलली, पाय टेकला तो खडीवर. पाय सरकला. १९५ किलोचं धूड घोट्यावर. हाड दोन ठिकाणी मोडलं. ना दारू, ना रेस, ना स्टंट. नुसतं वजन.

तीन महिने खाटेवर. काम गेलं. गाडीबरोबर इन्शुरन्स होता की! पण मालकाच्या अपघाताचा जो पंधरा लाखांचा विमा असतो, तो मेलास किंवा कायमचा जायबंदी झालास तर. मोडलेल्या घोट्याला त्यात दमडी नाही. थर्ड पार्टी तर दुसऱ्याच्या नुकसानीसाठीच असते. हप्ता मात्र चालू. चौथ्या महिन्यात दोन माणसं आली आणि गाडी घेऊन गेली. झेंडा तेवढा सोडून दिला. आईचे कान अजून उघडे आहेत.

आता म्हणशील, मग आम्ही काय जन्मभर बापाच्या सायकलवर फिरायचं? कोण म्हणतं? गाडी घे. जरूर घे. गाडी म्हणजे रात्रपाळीनंतर शेवटची लोकल चुकली तरी घर. गाडी म्हणजे मोर्चाला वेळेवर पोचणं. गाडी म्हणजे ‘ड्रायव्हर पाहिजे’ या पाटीपुढे मान वर करून उभं राहणं. फक्त पहिली गाडी तुझी असू दे, फायनान्सची नको. आणि तुला उचलता येईल अशी असू दे.

कशी निवडायची? काच सोड, जमिनीकडे बघ. गाडीवर बस. दोन्ही पाय जमिनीवर सपाट टेकतात का? नुसती बोटं टेकत असतील तर उतर. इंजिन बंद ठेवून दहा पावलं मागे ढकल. ढकलता येत नाही? मग ट्रॅफिकमध्ये तीच तुला ढकलेल. स्प्लेंडरसारखी शंभर सीसीची गाडी ११० किलोंच्या आसपास भरते. बुलेटच्या वर्गातली तिच्यावर ऐंशी-पंच्याऐंशी किलो जास्त. म्हणजे एक अख्खा माणूस जास्त. शिकायच्या पहिल्या वर्षात गाडी पडणारच. पडली तर एकट्याने उभी करता आली पाहिजे. शंभर ते सव्वाशे सीसी, फार तर दीडशे. नाक्यावरच्या मेकॅनिककडे जिचा क्लच केबल संध्याकाळी सात वाजता मिळतो, ती गाडी चांगली.

इंजिनाच्या आधी ब्रेक बघ. वेग दुप्पट झाला की थांबायचं अंतर चौपट होतं. हे फिजिक्स आहे, त्याला जात नाही. पण ब्रेकला आहे! एप्रिल २०१९ पासून विकल्या जाणाऱ्या १२५ सीसीच्या वरच्या गाड्यांना एबीएस सक्तीचं झालं, म्हणजे चाक जाम होत नाही. त्याच्या आतल्या गाड्यांना सीबीएसवर भागवायची मुभा दिली, म्हणजे दोन ब्रेक एकत्र लागतात, इतकंच. या आतल्या गाड्यांवर कोण बसतं? दूधवाला, डिलिव्हरीवाला, वॉचमन, आपण. श्रीमंताच्या गाडीला अक्कलवाला ब्रेक, गरिबाच्या गाडीला भागवाभागवीचा. २०२२ साली देशात रस्त्यावर १,६८,४९१ माणसं मेली. त्यातली जवळजवळ ४४.५ टक्के दुचाकीवरची. भांडायचं असेल तर या मुद्द्यावर भांडा रे! सायलेन्सरच्या आवाजावर काय भांडता? आणि तोवर, चार पैसे जास्त गेले तरी पुढचा डिस्क ब्रेक घे. तो वापरायलाही शीक. मागचाच दाबत बसलास तर पावसात चाक निसटेल. रिकाम्या मैदानात रोज अर्धा तास नुसतं थांबायला शीक. पळायला कुणीही शिकतं.

सेकंड हँड घ्यायला लाजू नकोस. फक्त कागद वाच. वाचायला शिकलास ते कशासाठी? आरसी बुकावरचा चॅसिस नंबर गाडीवरच्या नंबराशी स्वतः जुळवून बघ. कर्जाचा बोजा असेल तर फायनान्सची एनओसी आणि फॉर्म ३५ मिळाल्याशिवाय पैसे सोडू नकोस. फॉर्म २९ आणि ३० वर सह्या घे आणि गाडी खरोखर स्वतःच्या नावावर करून घे. दुसऱ्याच्या नावावरची गाडी म्हणजे दुसऱ्याच्या नावावरची जमीन. तिच्यावर आपण पिढ्यान्‌पिढ्या राबलो. पुरे झालं.

हेल्मेट आयएसआयचं. फुटपाथवरची वाटी नको. ज्या डोक्याने आपण इथवर आलो ते डोकं दोनशे रुपयांच्या प्लास्टिकमध्ये ठेवतोस?

आणि पोरींनो, हे सगळं तुमच्यासाठीही आहे. घरात गाडी आली की किल्ली भावाच्या खिशात आणि तुम्ही मागच्या सीटवर, हे बंद करा. ‘बाईमाणसाने स्कूटीच चालवावी’ म्हणणारा आपला असला तरी मनूच आहे. पाय टेकतात ना? गिअर टाका.

काहीजण म्हणतील, साला हा आम्हाला पुन्हा लहान गाडीवर, लहान जागी बसवतोय. नाही दोस्ता. लहान जागी तो बसवतो जो तुला छत्तीस महिने मान खाली घालून हप्ता भरायला लावतो. हप्ता चुकेल म्हणून तू सुपरवायझरची शिवी गिळतोस. हप्ता चुकेल म्हणून बंदच्या दिवशी कामावर जातोस. ज्याच्या मानेवर हप्ता आहे त्याचा आवाज आपोआप बारीक होतो. मग सायलेन्सर कितीही मोठा असो.

दोन वर्षं छोटी गाडी पळव. हात बसू दे, डोळा बसू दे, पैसा साठू दे. मग घे बुलेट. रोख मोजून घे. आणि त्या दिवशी ती गावात ने, मधल्या रस्त्याने ने. कुणी अडवलं तर आम्हाला हाक मार. आम्ही येऊ. आमच्या शंभर सीसीवर येऊ, पण सगळे येऊ.