इरावतीबाईंचे विस्मृत काम

इरावती कर्वे हे नाव निघाले की आपल्याकडे ‘युगान्त’ची आठवण होते आणि पाठोपाठ त्यांच्या स्कूटरची. दोन्ही आठवणी खऱ्या. परंतु त्यांच्या आड बाईंचे शास्त्रीय कार्य दडून गेले, आणि या दुर्लक्षात पुरोगामी म्हणविणारे आपणही सामील आहोत.

१९२८ साली बाई बर्लिनला गेल्या. तेथील मानववंशशास्त्र संस्थेचे प्रमुख ऑयगेन फिशर हे वंशश्रेष्ठत्वाचे पुरस्कर्ते. पुढे नाझी राजवटीने याच संस्थेकडून आपल्या वंशधोरणाला शास्त्राचा मुलामा चढवून घेतला. कवटीच्या डाव्या-उजव्या बाजूंतील असमानता वंशागणिक बदलते आणि युरोपीयांचे बौद्धिक श्रेष्ठत्व तीतून दिसते, असा गुरूंचा अंदाज होता. तो पडताळण्याचे काम या विशीतल्या विद्यार्थिनीकडे आले. तिने १४९ कवट्या मोजल्या आणि या असमानतेचा वंशाशी संबंध आढळत नाही, असे प्रबंधात स्वच्छ लिहिले. परक्या देशात, पदवी ज्यांच्या हाती त्यांच्याच मताविरुद्ध!

म्हणून बाईंची आरती ओवाळावी असे मात्र नाही. गुरूंचा निष्कर्ष नाकारला तरी त्यांची मोजमापाची पद्धत बाईंनी मायदेशी आणली आणि महाराष्ट्रातील जातीजमातींची शरीरे मोजण्यात अनेक वर्षे घालविली. जमीन कोणाची आणि राबतो कोण, हे त्या मापांत कसे सापडावे? तरीही त्याच अभ्यासातून, कुंभारांसारख्या एकाच धंद्याच्या जाती एका मूळ जातीची शकले नसून स्वतंत्र समूह आहेत, हे मत त्यांनी मांडले. चातुर्वर्ण्यातून जाती फुटल्या या पोथीनिष्ठ समजुतीला त्याने धक्का बसला.

साठी उलटल्यावर त्या वळल्या कोयनेच्या धरणग्रस्तांकडे. कोयनेच्या विजेवर कारखाने चालले, त्यासाठी ज्यांची गावे बुडाली ती माणसे कोठे गेली आणि कशी जगतात, याची पाहणी त्यांनी जाई निंबकर यांच्यासह केली. डेक्कन कॉलेजने ती १९६९ साली प्रसिद्ध केली. पुढच्याच वर्षी बाई गेल्या. पुनर्वसनाचा कायदा राज्यात झाला तो १९७६ साली, आणि २०१८ सालीही कोयनेचे धरणग्रस्त आपल्या हक्कांसाठी ठिय्या देऊन बसले होते.

आपल्या अभ्यासवर्गांत ‘युगान्त’वर व्याख्याने होतात, ती अवश्य व्हावीत. एखाद्या वर्गात कोयनेच्या या पाहणीचेही वाचन ठेवावे, आणि त्या दिवशी धरणग्रस्त गावांतील साथींना आवर्जून बोलवावे.