ग्रीक देवांचे प्रेम आणि सांगलीचा ‘ययाति’

ग्रीक पुराणकथांना प्रणयरम्य कादंबरीचे रूप देणाऱ्या इंग्रजी पुस्तकांची सध्या चलती आहे. मॅडलिन मिलर यांच्या ‘द साँग ऑफ अकिलीस’ला २०१२ मध्ये ऑरेंज पुरस्कार मिळाला, तर २०१८ मध्ये त्यांची ‘सर्सी’ आली. स्कार्लेट सेंट क्लेअर यांच्या ‘अ टच ऑफ डार्कनेस’ने २०१९ मध्ये पाताळाचा राजा हेडीस आणि पर्सेफनी यांची कथा आधुनिक शहरात आणून बसविली. तरुणांच्या हाती अशी पुस्तके दिसली, की नवी पिढी मराठीला दुरावल्याची तक्रार सुरू होते. जानेवारी २०२६ मध्ये साताऱ्यात ९९ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले. त्या निमित्ताने ही तक्रार तपासून पाहायला हवी.

वस्तुतः ही आवड आपल्याला नवी नाही. १८४३ मध्ये सांगलीत विष्णुदास भावे यांनी ‘सीतास्वयंवर’ रंगभूमीवर आणले. १८८२ मध्ये अण्णासाहेब किर्लोस्करांच्या ‘सौभद्र’ने सुभद्राहरणाची प्रेमकथा केली. सांगलीतच १८९८ मध्ये जन्मलेल्या वि. स. खांडेकरांनी १९५९ मध्ये ‘ययाति’ लिहून महाभारतातील एका उपाख्यानाची कादंबरी केली. मराठीला पहिला ज्ञानपीठ पुरस्कार मिळाला तो खांडेकरांच्या रूपाने, १९७४ मध्ये.

फरक आहे तो दृष्टीचा. मूळ ग्रीक कथेत झ्यूसच्या संमतीने हेडीस पर्सेफनीला पळवून नेतो. तिला कोणी विचारत नाही. नव्या प्रणयकथांत बहुधा तीच आपल्या इच्छेने त्याच्याकडे ओढली जाते. स्त्रीला इच्छा मिळाली, हे स्वागतार्हच. मात्र या फेरफारात मूळची जबरदस्ती पुसली जाते आणि सत्ताधीशाचा हट्टच प्रेम ठरण्याचा धोका उरतो. ‘सौभद्र’नेही हरणाचा पेच सुभद्रेच्या मनात अर्जुन आधीच आहे असे दाखवून सोडविला होता.

‘ययाति’ ही सोय घेत नाही. ययाति, देवयानी आणि शर्मिष्ठा आपापली बाजू स्वतः सांगतात. राजकन्या असूनही दासी झालेल्या शर्मिष्ठेचे प्रेम खरे आहे. पण त्यामुळे तिचे दासीपण झाकले जात नाही. राजाची भोगलालसाही निर्दोष ठरत नाही. इच्छा आणि अन्याय एकाच कथेत शेजारी ठेवण्याचे हे धैर्य आजही दुर्मीळ आहे.

म्हणूनच तरुणांच्या हातातील पुस्तक हिसकावून घेण्याऐवजी त्याच्या शेजारी ‘ययाति’ ठेवणे शहाणपणाचे ठरेल. सातारा जिल्ह्यातील भिलार हे २०१७ पासून ‘पुस्तकांचे गाव’ म्हणून ओळखले जाते. तेथे किंवा सांगलीच्या एखाद्या महाविद्यालयात पर्सेफनी आणि शर्मिष्ठा यांच्यावर एकत्र चर्चा घडली, तर मराठीचे काहीच बिघडणार नाही. प्रेम कोठे संपते आणि सक्ती कोठे सुरू होते, हा प्रश्न मात्र तरुण वाचकांपुढे मायबोलीत उभा राहील.