फुटले म्हणून काय बिघडलं?

परवा जळगावला एका कार्यक्रमाला गेले होते. एक वक्ते संयुक्त मानापमानाबद्दल भरभरून बोलले आणि शेवटी म्हणाले, "मराठी माणसाला फुटीचा शाप आहे, संगीत रंगभूमी त्यानेच बुडाली!" टाळ्या पडल्या. मी वाजवल्या नाहीत. शेजारच्या मैत्रिणीने कोपराने ढोसलं, तरी नाही.

मंडळी, आपण या एका रात्रीला किती वर्षं ओवाळणार आहोत? ८ जुलै १९२१, मुंबई, टिळक स्वराज्य फंडासाठी केलेला प्रयोग. केशवराव भोसले धैर्यधर, बालगंधर्व भामिनी. मोठीच रात्र, मी कुठे नाही म्हणते! तीन महिन्यांत केशवराव गेले, म्हणून ती जास्तच मनाला लागते. पण या एकीचे दोन्ही नायक कोण होते? दोघेही फुटलेलेच की! केशवराव स्वदेशहितचिंतक मंडळी सोडून निघाले आणि १९०८ साली हुबळीला त्यांनी ललितकलादर्श काढली. बालगंधर्व (लहानपणी आमच्या जळगावातच मेहबूबखाँकडे गाणं शिकलेले) १९१३ साली गणपतराव बोडस आणि गोविंदराव टेंबे यांच्यासह किर्लोस्कर मंडळीतून बाहेर पडले. मानापमान मूळचं किर्लोस्करांचं. हे लोक जुन्या घरातच मुकाट राहिले असते तर १९२१ साली एकत्र यायला होतं कोण?

माझी नात परदेशात बॅले शिकते. तिने फोनवर सांगितलं, १९३८ साली लंडनमध्ये दोन रशियन बॅले कंपन्या एकाच वेळी, जवळजवळच्या थिएटरांत नाचत होत्या. दोघींची नावंही सारखीच. मासिन नावाचा नृत्यदिग्दर्शक एकीतून दुसरीत गेला, तर त्याने नोकरीत असताना बसवलेले बॅले कोर्टाने जुन्या मालकालाच दिले. "आजी, किती भांडकुदळ ना?" मी म्हटलं, बाई गं, हे तर आपल्याच घरातलं वाटतंय!

माझं म्हणणं एवढंच की फुटीने कंपन्या वाढल्या आणि कंपन्या वाढल्या म्हणून नाटकं वाढली. नवी मंडळी म्हटली की तिला स्वतःचं नाटक हवंच, जुन्यावर किती दिवस भागणार? खाडिलकरांनी १९१६ साली गंधर्व मंडळीला 'स्वयंवर' दिलं. त्याच सुमारास ललितकलादर्शने वरेरकरांचं 'हाच मुलाचा बाप' केलं. दीनानाथ मंगेशकर, चिंतामणराव कोल्हटकर वगैरे किर्लोस्करांतून निघाले आणि १९१८ साली बळवंत मंडळी उभी राहिली. गडकऱ्यांचं 'भावबंधन' तिने केलं, 'एकच प्याला' गंधर्वांनी. एकच दार असतं तर लेखक उंबऱ्यावरच ताटकळत बसले असते.

बुडाल्या त्या कर्जाने आणि बोलपटाने. ते मात्र भाषणात कोणी सांगत नाही, कारण शिव्या कोणाला घालायच्या?

आणि "कंपनी फोडली" हा शब्द कोणाचा, हेही बघा. मालकाचा. १२ मार्च १९११ ला मानापमानाचा पहिला प्रयोग होता, त्याच दिवशी बालगंधर्वांची मुलगी गेली, तरी ते उभे राहिले, असं सांगतात. आपण त्याला निष्ठा म्हणून डोळे पुसतो. पण तेव्हा ते पगारी नट होते हो. अशा माणसाने दोन वर्षांनी स्वतःची कंपनी काढली तर त्याला फितूर म्हणायचं?

हे मी कुठल्या तोंडाने बोलते, तेही सांगते. धुळ्याला आमची एक हौशी नाट्यमंडळी होती. कुठली ते राहू द्या. कामं ठरवायचो आम्ही तिघं-चौघं मोठी माणसं, आणि तरुणांच्या वाट्याला पडदे ओढणं. वैतागून त्यातल्या पाच जणांनी वेगळा गट काढला. त्यांच्यातला एक माझाच विद्यार्थी. सगळ्यांसमोर मी त्याला गद्दार म्हणाले. राज्य नाट्यस्पर्धेत त्यांनी नाटक केलं, घरापासून दहा मिनिटांवर, आणि मी गेले नाही.

जळगावहून आल्यावर नंबर शोधून त्याला फोन लावला. आता त्याचं अमळनेरला दुकान आहे. मी माफीबिफी म्हणायला लागले तर हसला. म्हणाला, "बाई, ते जाऊ द्या. पण त्या दिवशी तिसरी घंटा आम्ही उशिरा दिली होती. पहिल्या रांगेत तुमची खुर्ची ठेवली होती ना."